शेवटची बावीस मिनिटं

मंगळवारी दुपारी, दादाचं डायलिसिस चालू असताना, आम्ही दोघांनी माझ्या मोबाइलवर व्हँपायरचा एक जुना चित्रपट पाहायला घेतला. शाळेत असताना दादा तो थिएटरात पाहून आला होता. मला नेलं नव्हतं.

"तू अंथरूण ओलं केलं असतंस," तो आज म्हणाला.

"आणि तू?"

"मी मध्यंतरातच पळालो, बाई. तुला इतकी वर्षं सांगितला तो शेवट माझ्या मनचा."

या चित्रपटातला व्हँपायर घरातल्या कुणी 'या' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडू शकत नाही. तो भुकेला दारात उभा राहतो आणि वाट पाहतो.

आमच्या घरात मोठ्याने धाकट्याकडे काही मागायचं नसतं. दादाने माझ्याकडे मूत्रपिंड मागितलं नाही. मी त्याला न सांगता तपासण्या करून घेतल्या. आज सकाळी रिपोर्ट आला. माझं मूत्रपिंड त्याला चालणार नाही. घरात देऊ शकेल असं आता कुणी उरलेलं नाही.

पडद्यावर तो अजून दारातच होता. खाटेशेजारच्या नळीतून दादाचं रक्त बाहेर जाऊन परत येत होतं.

सिस्टर सुया काढायला आल्या.

"थांबव," दादा म्हणाला. "शेवट शुक्रवारी बघू. तोवर मला काही होत नाही."

मी मोबाइल बंद केला. रिपोर्ट पर्समध्ये आहे. चित्रपटाची बावीस मिनिटं उरली आहेत.