अदलाबदलीचा अर्ज

श्यामसुंदर देवस्थळी रोज सकाळी आंघोळीआधी बादलीत स्टीलची पट्टी बुडवायचे आणि न्हाणीघरातून ओरडून सांगायचे, "आज अकरा इंच. पातळी समाधानकारक!" केंद्र सरकारच्या पाणी खात्यात बावीस वर्षं कालव्यांची पातळी टिपणाऱ्या माणसाचा हा एवढाच विनोद. "आधी अंगावर घ्या, मग नोंदवा," मीनाक्षी स्वयंपाकघरातून म्हणायची.

चंदीगडच्या ऑफिसात बदली होऊन चार वर्षं झाली होती. घर मात्र पिंजौरला. गाव लहान. एक बाजार, एक जुनी बाग, कालक्याकडे जाणारे ट्रक. बाजारात रेडिओवर पंजाबातल्या अतिरेक्यांच्या बातम्या लागल्या की भाजी निवडणाऱ्या बायकांचे हात थांबायचे. कुठली बस, कुठला रस्ता, किती माणसं. अंधार पडायच्या आत दुकानांच्या फळ्या लागायच्या. आठवड्यातून तीनदा श्यामसुंदर चंदीगडला बस बदलून पंजाबात, रोपडच्या बाजूला कालव्यावर जायचे. त्या दिवशी मीनाक्षी चहा करायची, गार झाला की ओतून टाकायची आणि पुन्हा आधण ठेवायची, ते दारात दिसेपर्यंत.

बदलीचा साधा अर्ज दोनदा नामंजूर झाला. उरली अदलाबदली. त्यासाठी त्याच हुद्द्याचा कुणीतरी राजीखुशीनं इथं यायला हवा. १९९० च्या डिसेंबरात पुण्याहून विश्वास नावाच्या तरुणाचं पत्र आलं. नुकतंच लग्न झालेलं, दोघांनाही डोंगरांची हौस. सही करायला तयार होता. शेवटी एकच ओळ होती : 'आपण वडीलधारे आहात. पेपरवाले फुगवून लिहितात म्हणे. तिकडचं खरं काय ते कळवा.'

मीनाक्षीनं कोरा कागद नवऱ्यापुढे ठेवला. "लिहा. हवा चांगली. भाज्या ताज्या. बाग जवळ."

"आणि बसचं?"

"त्यानं विचारलंय का बसचं?"

"तेच तर विचारलंय, मीना."

"धर्मराज म्हणून पगार मिळतो का हो तुम्हाला? तरुण आहे तो. मोटारसायकल घेईल."

"कालव्यावर एकटा, मोटारसायकलनं? मग झालंच."

दहावीतली उल्का पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "मम्मी, पापा ठीक कह रहे हैं. झूठ थोडे ना लिखेंगे."

"तू गप्प बस. माझ्या माणसासाठी भांडतेय मी."

श्यामसुंदरांनी लिहिलं. हवा, भाज्या, बाग. आणि नोंदवहीत उतरवावं तसं, तारखांसकट, कुठल्या रस्त्यावर काय झालं तेही. मीनाक्षीनं ते वाचलं. फाडायला हात उचललाही. पण विश्वासनं आपल्या पत्रात बायकोचं नाव लिहिलं होतं, कांचन. ते नाव ठाऊक नसतं, तर तिनं ते खुशाल फाडलं असतं. शेवटी पाकीट चिकटवलं तिनंच.

तिसऱ्या आठवड्यात कार्ड आलं. 'उपकार झाले. घरचे नको म्हणतात.'

त्या दिवसापासून मीनाक्षी नवऱ्याशी बोलेनाशी झाली. पाकीट आपणच चिकटवलं, हे तिला विसरता येत नव्हतं. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल, याची तिला भीती वाटायची. ताट वाढायची, डबा भरून द्यायची, आणि पाठ फिरवायची.

पाचव्या दिवशी परतीच्या वाटेवर बस अडवली गेली. सात जणांना खाली उतरवलं, त्यांत श्यामसुंदर होते. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्यांचा डबा आणून दिला. जेवून झाल्यावर ते कालव्यावर धुऊन ठेवायचे, तसाच, स्वच्छ.

नातेवाईक विचारत राहिले, निघताना काही म्हणाले का? मीनाक्षी मान हलवायची. सांगण्यासारखं काही नव्हतंच. त्या सकाळी ते फाटकाशी थांबले होते, तिच्या पाठीकडे बघत त्यांनी विचारलं होतं, उत्तराची थोडी वाट पाहिली होती, मग बस चुकेल म्हणून निघाले होते.

"येताना फ्लॉवर आणू की कोबी?"