गुणाजी तांब्यांची तीन वयं

१० ऑक्टोबर १९५७ रोजी गुणाजी रामजी तांबे यांनी पगाराचे एकशे चौदा रुपये सदतीस नवे पैसे मोजून घेतले. पाकिटाबरोबर एक छापील चिठ्ठी होती. तीत त्यांचं नाव, तिकीट नंबर आणि एक तारीख होती. १ जानेवारी १९५८ ला त्यांना साठ वर्षं पुरी होत होती, आणि त्या दिवसापासून परळची ती गिरणी त्यांना बंद होणार होती.

गुणाजींना साठ वर्षं पुरी होत नव्हती. त्यांचं वय होतं पंचावन्न.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी वडील त्यांना कोकणातून मुंबईला घेऊन आले, तेव्हा गुणाजी अकरा वर्षांचे होते. गिरणीत लहान मुलाला अर्धा वेळ काम आणि अर्धा पगार मिळे. कुशाबा मुकादमानं दरवाज्यातच बजावलं, "पंधरा सांग. आणि टाचा जरा वर घे." डॉक्टरानं दात बघितले आणि पंधरा लिहिलं. पुढं फंडाच्या कागदावरही तेच वय उतरलं. सूतखात्यात सगळे त्यांना वयापेक्षा मोठे मानत आणि पुढं बसवत. गुणाजी बसतही. चार वर्षं जास्तीची लावल्याचं त्यांना कधी जड गेलं नव्हतं.

आता गेलं. त्याचं कारण मुलीची, लक्ष्मीची वही.

गेल्या डिसेंबरात गुणाजींनी सगळ्या कुटुंबासह दादर चौपाटीवर, बाबासाहेबांच्या चितेपाशी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत परतल्यावर लक्ष्मीनं वहीत चार ओळी लिहिल्या होत्या. मार्च १९५९, मॅट्रिक. जून १९६१, ट्रेनिंग पुरं. त्याच साली मास्तरीण. १९६२, बा निवृत्त. खरं तर यातलं सगळं एक वर्ष आधी झालं असतं. पण १९५६ च्या गोळीबाराच्या जानेवारीत गुणाजींच्या बायकोनं, रमाबाईंनी पोरीला कितीतरी दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही, आणि नववी पुन्हा करावी लागली.

चिठ्ठी ऐकून रमाबाई म्हणाल्या, "मग जाऊन सांगा ना, मी म्हातारा नाय म्हणून."

"आणि त्यांनी विचारलं, तेव्हा का नाय सांगितलंस, तर?"

"सांगा, तेव्हा उंची कमी होती."

लक्ष्मी हसली. गुणाजींना हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते गिरणीच्या कचेरीत शामराव कारकुनांना भेटले. शामरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन कानावर अडकवलं. "गुणाजी, बोलायला सोपं आहे. पण लिहून दिलंस की नोकरी लागताना खोटं सांगितलं होतं हे तूच कबूल केलंस. साहेबाच्या मनात आलं तर उद्या बडतर्फ. मग हातात यायची ती रक्कमही अडकेल. गप्प राहिलास तर एक जानेवारीला हार तरी मिळेल."

"आणि कागद असला तर?"

"कसला कागद? जन्माचा?"

"शाळेचा."

कोकणात दोन वर्षं ते शाळेत गेले होते. बसायला जागा पडवीत, पण नाव पुस्तकात होतं, एवढं त्यांना आठवत होतं. विणकाम खात्यातला दत्ताराम राणे शेजारच्याच गावचा. दिवाळीला तो घरी जाणार होता. पाळी सुटल्यावर गिरणीच्या दरवाज्यापाशी संयुक्त महाराष्ट्राची सभा चालली होती, तिथं गुणाजींनी त्याला गाठलं.

"आणतो रे दाखला," दत्ताराम म्हणाला. "पण तुझं काम करून मला काय? ह्या लोकांनी मुंबई मिळवीपर्यंत तू कामावर असलास म्हणजे मिळवली. तोवर साठी लांबव, मेल्या!"

दिवाळीचे ते दिवस गुणाजींना फार लांब गेले. चाळीत संध्याकाळी पंचशील म्हणत. पहिली तीन शीलं त्यांच्या तोंडून सरळ येत. चौथं, खोटं न बोलण्याचं, येता येता जीभ अडखळे. शेजारचा आनंदा दोनदा वळून बघून गेला. रमाबाईंना वाटलं, ह्यांचा घसा धरलाय. त्यांनी आलं उकळून दिलं.

दत्ताराम परतला तो हसतच. शाळा बंद होती, पण मास्तरांना घरून आणून त्यानं कपाट उघडायला लावलं होतं. दाखला लक्ष्मीनं वाचला. नाव बरोबर, बापाचं नाव बरोबर. जन्मतारीख १ जून १९००.

"बा, आजी तर म्हणायची, मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाल्यावर. म्हणजे एकोणीसशे दोन."

"हो."

"मग हे?"

गुणाजींना तेव्हाच्या मास्तरांचा चेहरा आठवला. त्यांनी आईला वय विचारलंच नव्हतं. पडवीकडं एकदा बघून लिहून टाकलं होतं.

१८ नोव्हेंबरला त्यांनी दाखला साहेबापुढं ठेवला. लेबर ऑफिसर तरुण होता. त्यानं दाखला दोनदा वाचला आणि शाळेबद्दल विचारलं; गुणाजींनी पडवीचंही सांगितलं.

"तेव्हा खोटं बोललास, की आता बोलतोयस?"

"तेव्हा, साहेब. तेव्हा मुकादमानं सांगितलं म्हणून बोललो. आज मला कुणी सांगितलेलं नाही."

साहेबानं दाखला उजेडाकडं धरून पाहिला. शामराव टेबलाच्या कडेला उभे राहून शाईची दौत उगाच सरकवत होते. बडतर्फ हा शब्द कसा ऐकू येईल, एवढाच विचार गुणाजींच्या मनात होता.

"पडवीत बसणाऱ्या मुलाचं वय कुणी खोटं लिहायचं कारण नाही," साहेब शेवटी म्हणाला. "मी हा कागद धरतो. ३१ मे १९६० पर्यंत राहा. खाली लिहून दे, हेच माझं खरं वय."

गुणाजींच्या ओठांवर आलं होतं, साहेब, हेही खरं नाही. पण आणखी एक वय काढलं असतं तर हातातलं हेही गेलं असतं. शामराव डोळ्यांनी खुणावत होते. गुणाजींनी लिहून दिलं आणि सही केली. खोटं धुवायला गेलेला माणूस दुसऱ्या खोट्यावर सही करून बाहेर आला, आणि ह्या वेळी तोटा त्याचाच होता.

लक्ष्मीनं वहीतली शेवटची ओळ खोडली आणि मे १९६० लिहिलं. मॅट्रिक त्यात बसत होतं. ट्रेनिंगचं पहिलं वर्ष बसत होतं. दुसरं बसत नव्हतं.

"एका वर्षाचं काय ते मी बघते," रमाबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी गुणाजी पंचशीलाला गेले. चौथ्या शीलाला जीभ पुन्हा अडली.

दाखल्याच्या फीचा सव्वा रुपया दत्तारामनं पदरचा भरला होता. तो अजून द्यायचा आहे.