देवीदासची माघातली तूर

अर्जुनी मोरगावच्या पुढे तलावाच्या खालच्या अंगाला देवीदासच्या दोन बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, होत्या. बांधीत धान, कडेच्या उंच धुऱ्यावर तूर. १९९९च्या पावसाळ्यात त्याची बायको अल्का तापाने गेली. लेकरं नव्हती. घरात तिने माहेरून आणलेलं तुरीचं बियाणं राखेत घालून ठेवलेलं होतं. तेच तो दरवर्षी पेरत राहिला.

ती तूर फार उशिरा यायची. गावाची तूर पौषात घरी जाई, मग गुरं मोकळी सुटत. देवीदासची तेव्हा कुठे शेंगेवर असे. म्हणून माघ-फाल्गुनात तो दिवसभर काठी घेऊन धुऱ्यावर बसे. दोन-दोन दिवस गुरांना हाकलण्यापलीकडे तोंडून शब्द निघत नसे. शेजारचा चैतराम सांगे, नवं बियाणं घे, सगळ्यांसोबत मोकळा हो. देवीदास पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच पेरी.

२००७ साली मर रोग आला. हिरवी झाडं उभ्या उभ्या वाळली. खोड चिरलं की आत काळी रेघ. चैतरामचे धुरे ओस पडले. देवीदासची दोन-चार झाडं गेली, बाकी उभी राहिली.

हे ऐकून कृषी संशोधन केंद्रातून रश्मी मॅडम आल्या. हे बियाणं का जपलं, असं त्यांनी विचारलं.

"बायकोनं आनलं होतं," तो म्हणाला. "मी काई केलं नाई."

मॅडमनी दोन मुठी बी नेलं. रोगाची माती मुद्दाम राखलेल्या वाफ्यात दोन वर्षं पेरलं. शेजारचे वाण मेले, हे टिकलं. ते सांगायला त्या स्वतः आल्या. आता लवकर येणाऱ्या तुरीशी याचा संकर करू, म्हणाल्या.

"मंग राखन करा लागनार नाई?"

"नाही काका. डिसेंबरात तूर घरी."

 देवीदासनं चहा मांडला आणि अल्काबद्दल बोलू लागला. दहा वर्षांत तिचं नाव त्यानं कोणापुढे घेतलं नव्हतं. मॅडमची एक बस चुकली, तरी त्या उठल्या नाहीत.

२०१४ला संकरातली तूर चाचणीसाठी गावात आली. मॅडमची तोवर बदली झाली होती. चैतरामनं ती लावली, देवीदासनंही. मर लागली नाही. पण एका धुऱ्यावर देवीदासनं जुनीच पेरली.

"आता काऊन?" चैतरामनं विचारलं.

"बसाले जागा पाहिजे ना."

त्या माघात चैतराम दोनदा त्याच्याजवळ येऊन बसला.