तिसरा मजला, शुभदा सोसायटी

राधाबाई ओव्हाळ यांचं घर मुलुंडला होतं, आणि सध्या तिथं खड्डा होता. शुभदा सोसायटी पुनर्विकासाला गेली, बिऱ्हाडं पांगली, राधाबाई भांडुपला भाड्याच्या खोलीत आल्या. तरी कुणी विचारलं की त्या सांगत, "मुलुंडला राहते. शुभदा, तिसरा मजला." आपण खोटं बोलतोय असं त्यांना कधी वाटलं नाही.

त्यांच्या गावी पत्रावर घराचा पत्ता नसायचा. वस्तीचं नाव असायचं, आणि ते वाचून पोस्टमनसकट सगळ्यांना माणूस कुठला ते कळायचं. ते नाव मागे टाकून त्या मुंबईला आल्या. औषधांच्या कारखान्यात उभ्याने बाटल्या भरताना पायांच्या शिरा सुजल्या, मधेच नवरा गेला, पण दारावर पाटी लागली. मजला, खोली, सोसायटी. त्यात जात कुठंच नव्हती.

म्हणून मस्कतला नर्स असलेल्या लेकीचा, दर्शनाचा पासपोर्ट संपत आला आणि तिनं फोनवर विचारलं, "आई, इथल्या अर्जात भांडुपचा पत्ता देऊ ना गं?" तेव्हा राधाबाई ताडकन म्हणाल्या, "भाड्याचा कशाला? आपलं घर आहे की."

दर्शनानं मुलुंडचा दिला. घात तिथं झाला.

तिकडे आधी फोटोच परत आला, कान दिसत नाहीत म्हणून. दुसरा आला, मागची भिंत पुरेशी पांढरी नाही म्हणून. मग सगळं गप्प झालं. सुट्टीच्या दिवशी दर्शना काउंटरवर जाऊन उभी राही आणि काचेपलीकडचा माणूस पडद्यावरून नजर न हलवता सांगे, इंडियातून पोलिसांचं उत्तर नाही. एकदाचं उत्तर आलं. दिलेल्या पत्त्यावर कोणी राहत नाही.

पासपोर्ट नाही तर तिथला रहिवासाचा परवाना नाही, परवाना नाही तर हॉस्पिटल ठेवणार नाही. दर्शना रडणारी मुलगी नव्हती. ती भांडली.

"तुझ्या त्या पत्त्यापायी वाट लागली माझी! हवेत राहतो का गं आपण?"

सकाळी राधाबाई मुलुंडच्या पोलीस ठाण्यात गेल्या.

"मावशी, मी जाऊन आलो ना," हवालदार म्हणाला. "वॉचमन म्हणाला, इथं कोणी राहत नाही. बिल्डिंगच नाही तिथं! मी काय खड्ड्याला विचारू, दर्शना ओव्हाळ कुठंय म्हणून?"

"खड्डा आमचाच आहे, साहेब."

त्यानं मान वर केली. जरा हसला. "मुलीला तिकडून पुन्हा चौकशी मागवायला सांगा. मी येतो. पण तुम्ही जागेवर पाहिजे, आणि दोन शेजारी."

"कधी याल?"

"बंदोबस्तातून सुटलो की. वेळ नाही सांगता येणार."

तळमजल्यावरचे अण्णा मागच्याच गल्लीत भाड्यानं राहायला गेले होते. ते हाकेसरशी तयार झाले. बाकीचे कुणी वसईला, कुणी बदलापूरला. राहता राहिल्या समोरच्या दाराच्या नीलाताई साठे. त्या पुनर्विकासाला शेवटपर्यंत नाही म्हणत होत्या. राधाबाईंनी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बसून, समजावून, सही घेतली होती. इमारत पडली त्या दिवशी नीलाताई म्हणाल्या, "तुझ्यामुळे मी रस्त्यावर आले." तेव्हापासून अबोला. आता त्या ऐरोलीला भावाकडे होत्या.

राधाबाईंनी फोन लावला. "नीलाताई, मी राधा."

"हं."

"आपल्या दर्शीच्या पासपोर्टसाठी पोलीस येणार आहे. शेजारी लागतो."

"शेजार तर मोडलास ना तू?"

"मोडला. म्हणून फोन करतेय. नाहीतर दार वाजवलं असतं."

पलीकडून फोन ठेवला गेला.

मग राधाबाईंनी रोजचा नेम धरला. घडीची खुर्ची, थर्मास, कपबश्या. खड्ड्याभोवतीच्या पत्र्याला त्यांनी घराची जुनी पाटी तारेनं बांधली आणि खाली बसल्या. वॉचमन नंदू धावत आला.

"आजी, इथं बसायचं नाय. सुपरवायझर मला शिव्या घालेल."

"मी माझ्या घरासमोर बसलेय. तूच सांगितलंस ना पोलिसाला, कोणी राहत नाही म्हणून?"

"नाय तर काय सांगू? मला कोण दिसलंच नाय कधी!"

"आता बघून घे."

नंदूनं बघून घेतलं. धूळ उडे, मशीन दगड फोडत राही, आणि बाई नीटनेटकी साडी नेसून जिन्याच्या जागेशी बसलेली असे. घर म्हणजे भिंती असं मानणाऱ्याला ते वेड वाटलं असतं. नंदूला तिसऱ्या दिवसापासून चहा मिळू लागला होता. त्याला तसं वाटेना.

एका सकाळी हवालदाराचा फोन आला, आज येतो म्हणून, आणि राधाबाईंनी तेवढंच ऐरोलीला कळवलं. तो आला ऐन उन्हात. अण्णांनी साक्ष दिली. "दुसरे कोण?" त्यानं विचारलं. राधाबाई रस्त्याकडे बघत राहिल्या. त्यानं मोटरसायकलला किल्ली लावली, तेवढ्यात रिक्षा थांबली. नीलाताई उतरल्या आणि कुणाकडे न बघता थेट पत्र्याशी गेल्या.

"पाटी वाकडी लावलीस," त्या म्हणाल्या आणि तार पिळून त्यांनी ती सरळ केली.

"तुम्ही ओळखता यांना?" हवालदारानं विचारलं.

"हिच्या कुकरच्या शिट्टीनं आमच्या घराला जाग यायची. पोरगी बारावीला माझ्या खोलीत अभ्यास करायची, हिच्याकडे पाहुण्यांचा गोंधळ म्हणून."

"घर नेमकं कुठं होतं?"

दोघींनी एकदमच हात वर केला, क्रेनच्या थोडं खाली, मोकळ्या आभाळाकडे. हवालदारानंही मान वर करून तिकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला. "राहतात."

"चहा घेऊन जा," राधाबाई म्हणाल्या. "घरी आलेल्याला तसंच पाठवत नाही आम्ही." त्यानं उभ्यानंच घेतला, बशीत ओतून. उरलेला नीलाताईंनी न विचारता स्वतःच्या कपात घेतला.

दर्शनाचा फोन पुढच्या महिन्यात आला. "आई, मिळाला गं." मग थांबून, "पत्ता तोच आहे."

"असणारच," राधाबाई म्हणाल्या.

खुर्ची त्यांनी भांडुपला परत नेली होती. पाटी तिथंच राहिली. एका दुपारी नवा पोस्टमन कसलासा लिफाफा घेऊन पत्र्याशी घुटमळला. खड्ड्याकडे बघून त्यानं विचारलं, "ओव्हाळ इथंच का?"

"तिसऱ्या मजल्यावर," नंदू म्हणाला. "बाहेर गेल्यात. येतील. द्या इकडे."