वन्संचं खारट पाणी

शेजाऱ्यांकडे श्रीगोंद्याहून भाच्याचा फोन आला. "मामी, आई गेली..." एवढंच. रिसीव्हर धरून उभी असताना मनात काय यावं, तर आता माझ्या आमटीला नावं कोण ठेवणार! मला माझाच राग आला.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लहानपणी देवी आल्या त्यात त्यांचा उजवा डोळा गेला. उरला डावा. एकोणीसशे नव्वदनंतर त्यातही मोतीबिंदू पिकला, आणि तो डोळा सदा गळायचा. नाकाजवळचा कोपरा सुजलेला, पदराचं टोक कायम ओलं. उन्हानं होतं, असं सगळे म्हणायचे.

त्या सुमारास तालुक्याला मोतीबिंदूचं शिबिर भरलं. मी त्यांच्या सोबतीला गेले होते. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर पापणीच्या कोपऱ्यातल्या बारीक भोकात बोथट सुईनं पाणी सोडत आणि विचारत, घशात आलं का? आलं, तर अश्रूंची वाट मोकळी. "न्हाई" म्हणणारीला परत पाठवतात, हे रांगेतल्या बायांनी केव्हाच हेरलं होतं. वन्सं कसल्या मागे राहतात! त्यांनी मोठ्ठा घोट गिळला. "आलं की!"

"चव कशी लागली?"

"गोड. आमच्या हिरीच्या पान्यावानी."

डॉक्टरांनी पिचकारी खाली ठेवली. "मिठाचं पाणी होतं, बाई." त्यांनी नाकाजवळ बोटानं दाबलं, तसा कोपऱ्यातून पू वर आला. मोतीबिंदू काढताना हा पू आत उतरला असता, तर होता तो डोळाही गेला असता. वन्सं मात्र माझ्यावरच फुगल्या, मीच डॉक्टरांना खुणावलं म्हणून!

मग त्यांना भिंगारला आमच्या घरी आणलं आणि नगरला ऑपरेशन ठरलं. नाकाच्या हाडाला भोक पाडून अश्रूंना नवी वाट करून द्यायची. जागा बधिर केलेली, पण माणूस जागं. दाराबाहेर मला छिन्नीवरचे बारीक ठोके ऐकू येत होते. ठक्... ठक्... आणि एकदम थांबले. होते नव्हते तेवढे देव आठवून झाले. बाहेर आणलं तेव्हा नाकात बोळा, ओठांवर रक्त, डोळ्यावर पट्टी. त्यांनी चाचपडत माझं मनगट पकडलं.

"सुमन, डोळा हाय न्हवं?"

मला तरी कुठं माहीत होतं? "आहे हो, वन्सं," मी म्हटलं.

काही दिवसांनी पुन्हा तीच सुई, तोच प्रश्न. डॉक्टर माझ्याकडे बघतायत, मी वन्संकडे. एकदा खोटं बोललेल्या बाईचं आता खरं तरी कसं धरायचं? इतक्यात त्यांना ठसका लागला, तोंड वाकडं झालं. "अगं बया... खारट! लई खारट हाय!"

मी तिथंच रडले.

पुढे मोतीबिंदू निघाला आणि त्यांना सगळ्यात आधी काय दिसलं, तर माझ्या स्वयंपाकघरातली जळमटं. तेव्हापासून माझी आमटी तोंडाला लावली की "खारट!" म्हणून तोंड वाकडं करायच्या आणि हसायच्या.

शेवटची भेटले तेव्हा त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या. चमच्यानं पाणी पाजलं, ते ओठांच्या कडेनं उशीवर उतरलं. "घशाखाली गेलं का, वन्सं?" त्यांनी त्या डाव्या डोळ्यानं माझ्याकडे नीट पाहिलं.

"गेलं की... गोड हाय."

तशाच खोटं बोलल्या, शिबिरातल्यासारख्या. या वेळी माझ्यासाठी, मला निघताना जड जाऊ नये म्हणून.

परवा आमटीत मीठ खरंच जास्त पडलं. सगळे मुकाट्यानं जेवून उठले.