पुठ्ठ्याचं मशीन

सुमनबाई गेल्या, हे मला आमच्या रुग्णालयाच्या गाडीच्या चालकानं वर्गाच्या दारात उभं राहून सांगितलं. मी तेव्हा एका पोरीच्या मनगटाला लाल लोकरीचा धागा बांधत होते. उजव्या हाताला लाल, डाव्याला पिवळा, डाव्या पायाला हिरवा, उजव्याला काळा... ईसीजीच्या तारांचे हे रंग त्यांनीच शिकवलेले. मी गाठ पूर्ण केली, उरलेला तास घेतला आणि मग स्टाफरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले. तास अर्धा सोडला असता तर बाई रागावल्या असत्या.

सत्तरचं दशक सरताना मी आंबागडहून नर्सिंग शिकायला आले. धानाच्या बांधीत वाढलेली पोर, थर्मामीटरसुद्धा पाहिला नव्हता. सुमनबाई आमच्या ट्यूटर. रुग्णालयात ईसीजीचं एकच मशीन होतं, तेही कपाटात कुलूपबंद. फार वर्षांपूर्वी कोण्या नर्सनं हाताच्या तारा उलटसुलट लावल्या आणि धडधाकट माणसाला हृदयविकाराचा म्हणून नागपूरला धाडलं गेलं. चूक बऱ्याच उशिरा उघडकीला आली. तेव्हापासून तंत्रज्ञाशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा मोठ्या डॉक्टरांचा हुकूम. त्या नर्सच्या नावानं आम्ही पोरी बोटं मोडायचो. बाई ऐकून घ्यायच्या आणि फळा पुसायला लागायच्या.

पण गप्प बसतील तर त्या सुमनबाई कसल्या! पुठ्ठ्याचं मशीन केलं, बाटल्यांच्या झाकणांची बटणं लावली, तारांऐवजी लोकर. पुठ्ठ्याच्या फटीतून त्या आलेखाच्या कागदाची पट्टी सरकवायच्या, त्यावर हातानं काढलेल्या लाटा. पहिल्याच पट्टीत लाटा खाली तोंड करून आल्या, तर हाताच्या तारा उलट लागल्या असतील, पेशंटआधी स्वतःचं काम तपासायचं, हे त्यांनी आमच्याकडून शंभरदा घोकून घेतलं. आम्ही हसायचो. खेळण्यावर कुणी शिकतं का?

मी तिसऱ्या वर्षाला असताना चिखल्याच्या खाणीतला एक कामगार छाती धरून आला. तंत्रज्ञ रजेवर. बाई डॉक्टरांना म्हणाल्या, माझी पोरगी काढते. डॉक्टरांनी किल्ली दिली, पण बजावलं की गडबड झाली तर पुन्हा पोरींचं नाव काढायचं नाही. ते औषध द्यायला वळले आणि मी तारा लावल्या. समोर उभी राहून लावल्या, त्याचा उजवा हात माझ्या डावीकडे, तिथंच फसले. लाटा खाली तोंड करून आल्या. पण डोकं जाग्यावर होतं. लाल-पिवळी तार बदलली, दुसरी पट्टी काढली. पहिली गुपचूप एप्रनच्या खिशात.

"काहून लपवून राहिली?" बाई कानाशी म्हणाल्या. "दोन्ही दाखव डॉक्टरले."

"बाई, मंग कुलूप लागन पुन्हा."

"लागू दे. तू चूक पकडली, हे त्याइले दिसू दे."

दाखवल्या. डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरून पाहिल्या आणि उलटी कुणी ओळखली, एवढंच विचारलं. मी, म्हटलं. पेशंटला नागपूरला पाठवलं, तो महिनाभरानं चालत येऊन भेटला. कपाटाची किल्ली त्या दिवसापासून बाईंच्या कमरेला. आमच्या नंतरची प्रत्येक पोरगी खऱ्या मशीनवर शिकली, आणि चांगली शिकली.

परवा बाईंच्या मुलीनं पुठ्ठ्याचं ते मशीन माझ्या हाती दिलं. आईनं तुमच्यासाठी ठेवलंय, म्हणाली. दोन झाकणं गळालीत. उलटून पाहिलं तर मागं माझी ती उलटी पट्टी चिकटवलेली, खाली माझं नाव आणि 'दाखवली'. तिच्या वर आणखी एक पट्टी, कितीतरी जुनी, पिवळी पडलेली. लाटा तशाच खाली तोंड केलेल्या. खाली बाईंच्या अक्षरात त्यांचंच नाव, आणि एक शब्द... 'लपवली'.

बाई, आम्ही तुमच्या तोंडावर तुम्हालाच बोल लावत होतो, आणि तुम्ही फळा पुसत होतात.

सोमवारी नवी तुकडी येतेय. मी पुठ्ठा वर्गात नेणार आहे, आणि पोरींना आधी मागची बाजू दाखवणार आहे.