कांद्याच्या पापुद्र्यातलं पटल

बारावीला असताना मी अभ्यास मोठ्यानं वाचत करायचे, तोही स्वयंपाकघरात. वहिनी भाकऱ्या थापत ऐकायच्या. आंबेगावच्या डोंगराकडच्या गावातून लग्न होऊन त्या आमच्या बोरीत आल्या, तेव्हा त्यांची अकरावी सायन्स झाली होती. बारावी राहिली ती राहिलीच.

एकदा मी वाचत होते, "पेशीपटल म्हणजे फॉस्फोलिपिडांचा दुहेरी थर." वहिनींनी परातीतल्या पिठात बोटानं टिंबांच्या दोन ओळी काढल्या, प्रत्येक टिंबाला आतल्या बाजूनं दोन शेपट्या.

"डोकी पाण्याकडं, शेपट्या आत. त्यास्नी पाणी सोसत न्हाई." मग मधेमधे मोठे ठिपके दिले. "ही प्रथिनं. ह्यांच्यातनं मीठ, साखर जातं-येतं. पण ज्याची वाट त्यालाच." आणि पीठ सारखं करून टाकलं. "आमच्या कॉलेजात मायक्रोस्कोप कपाटात व्हता. डोळा लावून कंदी बगितलंच न्हाई."

हिवाळ्यात आमच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. घरच्यांना यायला मुभा होती, म्हणून मी वहिनींना नेलं. कांद्याचा जांभळा पापुद्रा काचपट्टीवर ठेवला, वर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला आणि बाजूला झाले.

वहिनी पदर खोचून वाकल्या. श्वास धरून मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"भिंत हाय तिथंच हाय," मग हळूच म्हणाल्या, "आतलं पटल सुटून आत चाललंय. पाणी भाईर गेलं ना?"

मी साधं पाणी घातलं. पेशी भरत गेल्या, रंग कडेपर्यंत पोचला.

"आलं बगा, वन्सं!"

मागं पोरींची रांग लागली, तरी त्या हलेनात.

निघताना ऑफिसात बारावीची चौकशी त्यांनीच केली. क्लार्क नीट बोलले, "ताई, बाहेरून बसायचं तर आर्ट्स, कॉमर्स. सायन्सला प्रॅक्टिकल असतात, रोज यावं लागतं."

"सायन्सच पायजे व्हतं," वहिनी म्हणाल्या. एसटीत त्या खिडकीशी बसल्या आणि बोरी येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या. घरी आल्याबरोबर गोठ्यात गेल्या. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही. काढायला हवा होता.

आता मी पुण्यात जीवशास्त्र शिकवते. पोरी आकृत्या पटापट काढतात, बरोबर काढतात. पण श्वास धरून तसं कुणी वाकत नाही, आणि मग मला वहिनींची फार आठवण येते. फोनवर म्हणते, "चार दिवस या ना, आमची लॅब दाखवते."

"येते की. येवढा टोमॅटोचा तोडा होऊ द्या."

तोडा होतो. मग दुसरं काहीतरी निघतं.